आत्याचा टोलनाका

आत्याच्या शिलाई मशीनवर उजव्या हाताला एक स्टीलची बशी असायची. बाकीच्या शिलाईवाल्या तिथं टाचण्या ठेवतात, आत्या फोन ठेवायची. बशीत ठेवलेला फोन थरथरला की खणखणतो आणि मशीनच्या खडखडाटातही ऐकू येतो, हा तिचा स्वतःचा शोध. बशी खणखणली की ती पायडल थांबवायची, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायची आणि मेसेज वाचायची. तो मेसेज बहुतेक वेळा तिच्यासाठी नसायचाच.

झालं होतं असं, की घरात सगळ्यांत आधी मोबाइल आला तो आत्याकडे. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याची सगळी कामं ती करायची: पॅंटची उंची कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल, फाटलेला खिसा शीव. कपडे तयार झाले का, हे विचारायला सारखं माणूस धाडून कंटाळलेल्या लाँड्रीवाल्यानं आपला जुना फोन तिच्या गळ्यात मारला. पुढं बाकीच्यांनीही फोन घेतले, पण एकाचाही नंबर टिकेना. नवी स्कीम आली की नवं कार्ड. कुणाचा हरवला, कुणाचा बादलीत पडला. आत्याचा नंबर तेवढा तोच राहिला. आत्याही तीच, खोलीही तीच, खिडकीजवळची मशीनही तीच. मग बँकेत, गॅसवाल्याकडे, दवाखान्यात, जिथं जिथं नंबर मागत तिथं घरची माणसं डोळे झाकून आत्याचा नंबर देऊ लागली. आपलं लग्न नाही, लेकरू नाही, पण नंबर मात्र खानदानाचा, असं ती हसत म्हणायची.

नंतर असे दिवस आले, की माणसाला स्वतःच्याच पैशाला हात लावायचा तरी आधी ओटीपी सांगावा लागतो. तो ओटीपी यायचा आत्याच्या बशीत. मग थोरल्या भावाच्या घरून फोन, बहिणीच्या घरून फोन, पुतणीचा फोन. आत्या, आला का गं?

आकडा फुकट मिळत नसे.

"आलाय. सांगते. आधी सांग, खोकला गेला का?"

"आत्या, दोन मिनिटांत बाद होतो तो."

"मग लवकर सांग की."

थोरल्या भावाचा मुलगा म्हणायचा, आत्याचा टोलनाका लागला, सुट्टे काढून ठेवा. सुट्टे म्हणजे बातमी. जेवलास का, पोरगी चालायला लागली का, साहेब अजून छळतो का. एक तरी खरी बातमी हातावर ठेवल्याशिवाय गाडी पुढं सोडायची नाही. त्यानं तिला मेसेज पुढं पाठवायला शिकवून पाहिलं. एकदा शिकवलं, दोनदा शिकवलं. आत्या दर वेळी हताश चेहरा करून म्हणायची, नाही बाबा जमत मला हे, जाड बोटं माझी. ज्या बोटांनी ती काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची अशी तुरपाई घाली की शोधून सापडू नये, ती बोटं जाड. पोरगा समजायचं ते समजला आणि त्यानं नाद सोडला.

मेसेज वाचता वाचता तिला सगळ्यांच्या घरातलं सगळं कळायचं. कुणी कुठलं तिकीट काढलं, कुणाचा हप्ता चुकला, कुणी कुठल्या डॉक्टरची वेळ घेतली. पण तिच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नसे. धाकट्या भावाच्या मुलीनं, म्हणजे दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या पुतणीनं, एकदा थंड हवेच्या ठिकाणाची दोन तिकिटं काढली आणि आठवड्यानं त्यातलं एक रद्द केलं. ते रद्द करायचा आकडा देताना आत्यानं एवढंच विचारलं, एकटीच जातेयस ना, स्वेटर घेतलास का. पुतणी म्हणाली, घेतलाय. त्यानंतर पुतणीचा आत्यावर विशेष जीव.

पण आत्याचा जीव होता पुतणीच्या बापावर. धाकट्यावर.

धाकटा बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. इंजिनाला कान लावून त्याच्या मनातलं ओळखणारा, पण माणसांच्या बाबतीत मुखदुर्बळ. त्याच्याकडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नट फिरवणं. रागीट नव्हता, घुमा होता. बोलायला कारण लागायचं त्याला. कारण असलं की दोन वाक्यं बोलणार, संपलं की उठणार. बायको होती तोवर ती त्याच्या वाटचं बोलायची. ती गेली आणि ते घर आतून मुकं झालं. आत्या काही ऊठसूट कुणाच्या दारात जाणारी नव्हती. बोलावल्याशिवाय जायचं नाही, हा बाणा तिनं तरुणपणी कधीतरी धरला आणि मग तोच अंगवळणी पडला. शहर एकच, बसनं जेमतेम अर्ध्या तासाची वाट, पण बोलावणं हा शब्द धाकट्याच्या कोशात नव्हता. राहिला तो ओटीपी. विजेचं बिल, गॅस, पेन्शन. एवढ्या आकड्यांवर भावाबहिणीचं नातं चाललं होतं.

"ताई, आकडा."

"जेवलास का?"

"जेवलो."

"काय?"

"भात."

"नुसता?"

"आमटी पण होती. सांग आता."

एवढंच. पण एवढ्यात तिचा दिवस निघायचा.

मग एका सकाळी बशी खणखणली. मेसेज मोठ्या दवाखान्याचा होता. अमुक तारखेची केमोथेरपीची वेळ पक्की करण्यासाठी हा आकडा द्या. आत्यानं तो दोनदा वाचला. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, आकडा. विजेचं बिल आहे."

मशीनमध्ये कुणाची तरी पॅंट अर्धी शिवून अडकली होती. आत्यानं तिच्यावर हात टेकला. भाऊ खोटं बोलतोय हे तिला कळलं होतं, आणि मेसेजमध्ये काय लिहून येतं हे त्याला आजवर कळलेलं नाही, हेही. त्याला वाटायचं, आकडा म्हणजे नुसता आकडा. हिला फक्त अंक दिसतात.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"जेवलो."

तिनं आकडा सांगितला.

त्यानंतर विजेची बिलं फार येऊ लागली. आत्या एका शब्दानं बोलली नाही. त्याला लपवायचंय ना, लपवू दे. लपवायला तरी माझ्याकडे येतो. पण तिच्या प्रश्नांना फाटे फुटू लागले. जेवलास का, याला जोडून तोंडाला चव आहे का. झोप लागते का. सोबतीला शेजारचा कुणी असतो का रे दुपारी. आणि आश्चर्य असं, की तोही उत्तरं द्यायला लागला. आकडा मिळाल्यावर फोन ठेवायचा तो ठेवीना. एकदा म्हणाला, ताई, आपल्या जुन्या खोलीचं छत गळायचं तेव्हा तू भांडी कशी लावायचीस, मोठं भांडं कुठं असायचं? तिनं सांगितलं, दारापाशी. तो म्हणाला, हां, दारापाशी. मग म्हणाला, बरं. आत्यानं त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पॅंटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड केला आणि लाँड्रीवाल्याच्या शिव्या निमूट ऐकल्या.

घरातली बाकीची माणसं एव्हाना टोलनाका चुकवून जाऊ लागली होती. थोरल्याच्या मुलानं सगळ्यांच्या फोनवर एक नवा मदतनीस घालून दिला होता. पुतणी सुट्टीत आली तेव्हा तिनं आत्याला समजावलं की याला एजंट म्हणतात.

"कमिशन किती घेतो?"

"काही घेत नाही गं. सॉफ्टवेअर आहे. तिकीट काढ म्हटलं की काढतो, बिल भर म्हटलं की भरतो, डॉक्टरची वेळ हवी तर तोच दवाखान्याच्या कॉम्प्युटरशी बोलून घेतो. आपण फक्त त्याच्याशी बोलायचं."

"त्याच्याशी," आत्या म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

गंमत अशी, की आत्याचा नंबर काढून स्वतःचा घालायचा, तर त्यालाही एक आकडा लागायचा आणि तो आत्याकडेच यायचा. प्रत्येकाचा एक शेवटचा फोन आला. आत्या, हा एकच गं, यापुढं तुला त्रास नाही. आत्या प्रत्येकाला आकडा देत गेली. बहिणीनं तर आभार मानले, जसे कुणी पोस्टमनचे मानतात. त्रास कसला, असं आत्या म्हणायची. बशी महिनाभरात रिकामी झाल्यासारखी झाली. थोरल्याच्या नातीला दात आले हे तिला लाँड्रीवाल्याकडून कळलं.

त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही म्हणा. धाकटा अजून तिच्याच नंबरवर होता.

मग पुतणीला बापाच्या कपाटात दवाखान्याचे कागद सापडले. पोरगी आधी रडली, मग भांडली, आणि मग आजची पोरं करतात तशी कामाला लागली. घरून काम करायची परवानगी काढून ती बापाकडे राहायला आली आणि बापाच्या फोनवर तिनं तो मदतनीस बसवला. खोटं कशाला बोला, फार उपयोगाचं होतं ते. आधी धाकटा पहाटे उठून दोन बस बदलून जायचा, रांगेत बसायचा, रिपोर्ट एका खिडकीवर तर शिक्का दुसऱ्या खिडकीवर. आता गाडी दारात यायची. औषध संपायच्या आधी नवं हजर. रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरच्या समोर आपोआप. पुतणीनं फोन करून हे सगळं सांगितलं. आत्याला आजार आधीच माहीत होता हे तिच्या स्वरावरून पुतणीच्या लक्षात आलं असावं. पण ती एवढंच म्हणाली, दवाखान्यात अजून तुझा नंबर आहे, तो तेवढा बदलून घेते. आकडा आला की सांग.

बशी खणखणली. आत्यानं चष्मा नाकावर घेतला. आकडा स्वच्छ दिसत होता.

तिनं चुकीचा सांगितला.

पुतणी म्हणाली, घेत नाहीये, परत पाठवते. परत आला. आत्यानं परत चुकीचा सांगितला. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. हा भ्रम नव्हता की चूक नव्हती. दारातून जाणाऱ्याचा शर्ट धरावा तसं होतं ते. तिसऱ्या वेळेला दवाखान्याच्या कॉम्प्युटरनं धाकट्याचं खातंच बंद केलं.

त्याचा परिणाम काय होईल हे मात्र तिला कळलं नव्हतं. खातं बंद, म्हणून दुसऱ्या दिवशीची केमोची वेळ गेली. पुढची मिळाली ती आठवड्यानंतरची. डॉक्टर म्हणाले, एका आठवड्यानं काही बिघडत नाही. पुतणीनं तेच आत्याला सांगितलं, आणि वर म्हणाली, आत्या, तुझे डोळे दाखवून घे, दोष तुझा नाही. आत्या हूं म्हणाली. त्या दिवशी तिनं मशीनला हात लावला नाही.

दोन दिवसांनी दारात गाडी थांबली आणि धाकटा उतरला. एकटाच. डोक्याला लोकरी टोपी, आणि पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं एक नवं भोक, आधीच्या सगळ्या भोकांच्या बरंच अलीकडे. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर तो बसला. आत्या सुईत दोरा ओवत होती. तिनं ओवला, गाठ मारली आणि मगच वर पाहिलं.

"पहिल्या झटक्यात गेला," धाकटा म्हणाला.

"काय?"

"दोरा. डोळे चांगले आहेत तुझे."

आत्यानं सुई उशीत खोचली. बाहेर लाँड्रीवाल्याचा पोऱ्या कपड्यांचं बोचकं घेऊन आला, आत डोकावला आणि बोचकं उंबऱ्यात ठेवून गेला.

"विजेचं बिल," आत्या म्हणाली.

धाकट्यानं मान खाली घातली. "तुला पहिल्यापासून दिसत होतं?"

"सगळं लिहून येतं त्यात."

"मला वाटलं, नुसता आकडा येतो." मग म्हणाला, "बोलली नाहीस कधी."

"तू बोलला नाहीस."

तो हसला. हसताना त्याचे दात मोठे दिसले, गाल इतके आत गेले होते. त्यानं खिशातून फोन काढून मशीनवर ठेवला. म्हणाला, पोरीनं सांगितलंय, नंबर बदलायचं इथंच बसून करून टाका, म्हणजे चुकायला नको. बटण दाबलं की तुझ्याकडे येईल.

"हे झालं की तू फोन करणार नाहीस," आत्या म्हणाली.

"करीन की."

"काय म्हणशील?"

धाकट्यानं खरंच विचार केला. बंद पडलेल्या इंजिनाकडे बघावं तसं त्यानं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. म्हणेन काहीतरी, असं तो शेवटी म्हणाला, पण काय ते त्याला सापडलेलं नव्हतं आणि ते दोघांनाही दिसत होतं.

त्यानं बटण दाबलं. बशी खणखणली.

"जेवलास का?" आत्यानं विचारलं.

"नाही जात," धाकटा म्हणाला.

इतक्या वर्षांत त्यानं दिलेलं हे पहिलं खरं उत्तर. आत्यानं आकडा सांगितला. एकेक अंक सुटा, सावकाश, बरोबर.

त्यानंतर फोन आला नाही. त्याला करायचा नव्हता असं नाही, हे ती जाणून होती. माणूस हातात फोन घेऊन बसला असेल, कारण शोधत असेल, आणि कारणं तर सगळी त्या मदतनिसानं उचलून नेली होती. शेवटी न राहवून तिनंच लावला. पलीकडून गोड, शांत आवाज आला. ते आता झोपले आहेत, मी त्यांचा मदतनीस बोलतोय, काही निरोप आहे का?

"त्याला विचार, जेवलास का."

"दुपारी त्यांनी अर्धी वाटी सूप घेतलं. कालच्यापेक्षा थोडं जास्त."

"तुला नाही विचारलं. त्याला विचार म्हटलं."

"नक्की. उठले की सांगतो. फोन कशाबद्दल होता म्हणून सांगू?"

आत्यानं फोन ठेवला. निरोप पोहोचला असल्याचा मेसेज संध्याकाळी आला. त्यात खोट नव्हती, पोहोचलाच असणार. पण प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन झालं होतं, तेही अगदी बरोबर, वाटीच्या मापासकट. आता धाकट्यानं फोन उचलून आणखी काय सांगायचं?

चार दिवस ती मशीनवर बसून राहिली. पाचव्या दिवशी तिनं अर्धवट राहिलेले कपडे पिशवीत भरले, कात्री, सुया, दोरे घेतले, मशीनवर चादर टाकली आणि किल्ली लाँड्रीवाल्याच्या हातात दिली. एवढ्या पॅंटा पडल्यात, त्यांचं कोण करणार, असं तो म्हणायला लागला आणि तिच्या तोंडाकडे बघून त्यानं किल्ली खिशात टाकली. पॅंटा मी तिकडं बसून करीन, ती म्हणाली. किती दिवस, हे त्यानं विचारलं नाही.

पुतणीनं दार उघडलं आणि आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. घरात तसं आत्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गोळीची वेळ झाली की फोन सांगे. नर्स ठरलेल्या वेळी येई. भाजी, फळं, चादरी, सगळं वेळेवर दारात. पुतणी पलीकडच्या खोलीत लॅपटॉपवर काम करी. आत्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली आणि एका पॅंटची शिवण उसवू लागली.

धाकट्यानं दुपारी डोळे उघडले. तिला पाहिलं.

"कशाला आलीस?"

आत्याचा हात थांबला. काही आणलं नव्हतं, काही न्यायचं नव्हतं. बोलावणंही नव्हतं.

"अशीच," ती म्हणाली.

हा शब्द धाकट्यानं मनात फिरवून पाहिला असावा. मग तो भिंतीकडे थोडा सरकला आणि तिला पाय ठेवायला पलंगाच्या कडेला जागा झाली. बसून बसून तिचे पाय सुजतात, हे त्याला माहीत होतं.

पुढचे दिवस असेच गेले. फार बोलणं झालं नाही. बोलायची ताकदही त्याच्यात उरली नव्हती. डॉक्टरांनी पुतणीला बाहेर बोलावून काय सांगायचं ते सांगितलं, आणि दवाखान्याच्या फेऱ्या थांबल्या. आत्याला तो चुकलेला आठवडा आठवला. तिनं पुतणीला खरं काय ते सांगून टाकलं, की डोळ्यांचा दोष नव्हता. पुतणी म्हणाली, बाबांनी सांगितलंय मला. आणि त्यावर ती रागावलीही नाही. आत्याला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

एके दिवशी मात्र नवल झालं. आत्या खिडकीकडे तोंड करून काज करत होती. मागून आवाज आला.

"ताई."

"हं."

ती वळली. पाणी हवं असेल, उशी सरकली असेल. धाकटा तिच्याकडे बघत होता. काहीतरी म्हणायचं म्हणून त्याचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले.

"काही नाही," तो म्हणाला.

"बरं," आत्या म्हणाली आणि पुन्हा काज करू लागली. पण टाका काही केल्या दिसेना.

मग ती त्याला सवयच लागली. दिवसातून कितीतरी वेळा. ताई. हं. काही नाही. पलीकडच्या खोलीतून पुतणीला ऐकू यायचं. पहिल्यांदा ती धावत आली, मग यायची थांबली. मदतनीसही एकदा मध्येच म्हणाला, काही हवं आहे का, तर धाकट्यानं पुतणीला हाक मारून त्याचा आवाज बंद करायला लावला. त्यानंतर खोलीत आवाज राहिले ते दोनच माणसांचे. त्याचा दिवसेंदिवस बारीक होत गेलेला, आणि तिचा.

त्या दुपारी ऊन पलंगापर्यंत आलं होतं. नर्स येऊन गेली होती. आत्या एका कोटाचं अस्तर शिवत होती, लाँड्रीवाल्यानं मुद्दाम पाठवलेलं.

"ताई."

"हं," आत्या म्हणाली, आणि सुई तशीच धरून पुढच्या दोन शब्दांची वाट बघत बसली.